नादाचे घर

मनुष्याने ज्या ज्या वस्तूंसाठी घरे बांधली त्यांत नादाइतकी क्षणभंगुर वस्तू दुसरी नाही. धान्य कोठारात वर्षभर राहते, देव गाभाऱ्यात शतकानुशतके उभा असतो, दस्तऐवजांना कसर लागेपर्यंत तरी दप्तरखाना त्यांचा सांभाळ करतो. स्वर मात्र उमटतो न उमटतो तोच विरतो, आणि त्याच्यासाठी उभारलेल्या चिरेबंदी वास्तूत दुसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्याच्या हाती त्यातले काहीएक लागत नाही. असे असूनही गवई त्या वास्तूच्या मंचावर चढण्यापूर्वी फळीला हात लावून तो कपाळी नेतो, आणि श्रोतेही तिथे देवळात बोलावे तसे हलक्या आवाजात बोलतात. हा आदर कोणाचा? विटाचुन्याचा, की विटाचुन्यात क्षणभरही न राहणाऱ्या स्वराचा? आणि ज्या जागेत कोणा देवतेची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, जिथे प्रवेशासाठी पैसे मोजावे लागतात, ती जागा पवित्र म्हणता येईल काय? मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये गाणे ऐकून आल्यापासून हा प्रश्न माझ्या मनातून हललेला नाही.

मी राहतो ते जासई गाव उरण तालुक्यात, पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या वाटेवर. एके काळी इथे भातखाचरे, खाड्या आणि मिठागरे होती. १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले आणि तेव्हापासून कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची धडधड रात्रंदिवस कानांवर आहे. आमच्या वाडवडिलांना मुंबईत नाटक पाहायचे झाले तर मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का गाठावा लागे, भरतीओहोटीचा विचार करावा लागे, आणि परतीची लाँच हुकली तर गिरगावात कोणा नातलगाच्या खोलीत अंग टाकावे लागे. आता २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला, शिवडीपासून आमच्या शेजारच्या चिर्ल्यापर्यंत येणारा सुमारे २२ किलोमीटरांचा सागरी सेतू आहे, आणि मोटारीची सोय असली तर संध्याकाळचे काम आटोपून माणूस मैफलीच्या वेळेला चर्नी रोडला पोहोचू शकतो. अंतर कमी झाले हे खरे. पण ट्रेलरांच्या गोंगाटातून उठून एकदम त्या सभागृहात जाऊन बसले की कान काही काळ बधिरच असतात, आणि ऐकणे सुरू होण्याआधी ऐकण्याची पात्रता यावी लागते, हे पहिल्या काही मिनिटांतच कळून येते.

वास्तूचा इतिहास थोडक्यात असा. कलकत्त्याचा नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि मुंबईचे कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी काराका या दोघांनी युरोपातल्या ऑपेरागृहांसारखे एक गृह मुंबईत असावे अशी तजवीज केली. १९०९ साली बांधकामास आरंभ झाला, १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते, काम पुरे होण्यापूर्वीच, उद्घाटन झाले, आणि पुढल्या वर्षी इमारत पूर्ण झाली. पाश्चात्त्य ऑपेरासाठी बांधलेल्या या मंचावर पुढे बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली. मग चित्रपटांनी तिचा कब्जा घेतला. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ती विकत घेतली. १९९३ साली दरवाजे बंद झाले. त्यानंतरची कित्येक वर्षे ती नुसती उभी होती. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन २०१६ च्या ऑक्टोबरात ती पुन्हा उघडली. दर्शनी दालनावर आठ भागांत विभागलेला घुमट आहे, त्यात कवी आणि नाटककार यांची स्मृती जागवलेली आहे, आणि सोनेरी नक्षीच्या सज्ज्यांकडे पाहताना डोळे दिपतात. डोळ्यांचे हे सुख मी कमी लेखीत नाही. परंतु दिवे मंदावले आणि पडदा सरला म्हणजे या सगळ्या वैभवाचा उपयोग एकच उरतो, आणि तो म्हणजे बाहेरच्या लॅमिंग्टन रोडला आत येऊ न देणे.

हे काम मी गौण मानीत नाही, कारण आपल्या परंपरेने रंगगृहाची उत्पत्तीच अशी सांगितली आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातल्या कथेप्रमाणे पहिले नाट्य इंद्रध्वजाच्या उत्सवात उघड्यावर झाले. त्यात आपला पराभव दाखविलेला पाहून दैत्य खवळले, त्यांनी विघ्नांना हाताशी धरून नटांची वाणी आणि स्मृती जड करून टाकली, इंद्राने ध्वजदंड उचलून त्यांना झोडपले, तरी विघ्ने थांबेनात, तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधण्याचा हुकूम दिला आणि त्याच्या निरनिराळ्या भागांच्या रक्षणासाठी निरनिराळ्या देवतांची नेमणूक केली. म्हणजे रंगगृह हे मुळात वैभवाचे स्थान नसून संरक्षणाचे स्थान आहे; तिथे जे जपायचे ते इतके नाजूक आहे की चार भिंती आणि देवतांचा पहारा यांखेरीज ते टिकत नाही. भरतमुनी याही पुढे जातात. नाट्यगृहाची तीन प्रमाणे सांगून ते मधल्या, चौसष्ट हातांच्या गृहाला पसंती देतात, कारण फार मोठ्या जागेत नटाची वाणी बेसूर होते आणि मुखावरचे भाव दिसत नाहीत. आणि रंगपूजेवाचून प्रयोग करणाऱ्याला त्यांनी तिर्यग्योनीचे भय घातले आहे. भूमापन करणाऱ्या मुनीने त्याच लेखणीने पूजाविधी लिहावा, यात मला तरी विसंगती दिसत नाही. स्वर शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोहोचावा ही काळजी आणि देवतेची पूजा व्हावी ही काळजी त्यांच्या लेखी एकाच धर्माची दोन अंगे होती.

त्या संध्याकाळी ख्यालगायन होते. गवई येऊन बसण्याआधी तानपुरे जुळविण्याचे काम चालले होते, आणि सुदैवाने माझी जागा पुढे असल्याने ते मला जवळून पाहता आले. तानपुरा धरणारी मुलगी खुंटी पिळून तार सुरात आणीत होती, मग मणी रेसभर खाली सरकवी, मग घोडीवर तारेखाली असलेला सुताचा धागा नखाने इतका किंचित हलवी की हलविल्याचे डोळ्यांना कळू नये, आणि तरी त्या एवढ्याशा हालचालीने तारेचा आवाज एकदम खुले, त्यातून षड्जाबरोबर गंधारही आपोआप झंकारू लागे, जो कोणत्याही तारेला लावलेला नव्हता. या तानपुऱ्याचा भोपळा बहुधा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या मुलखात पिकलेला असतो, आणि तो मिरजेच्या ज्या कारागिरांच्या हातून घडतो त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. संस्थानांची हत्यारे म्यानात गेली तेव्हा त्यांनी तारांची विद्या हस्तगत केली. भीमेकाठच्या मातीत वाढलेले फळ, मुसलमान कारागिराची पोलादाला सरावलेली बोटे, आणि बादशहाने उद्घाटन केलेला मंच, हे तीन धागे एकत्र आले तेव्हा कुठे तो न लावलेला गंधार ऐकू आला.

तो गंधार कोठून आला, आणि कुठे गेला? आपल्या दर्शनकारांनी या प्रश्नावर पिढ्यान् पिढ्या वाद घातला आहे. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे; उच्चार त्याला निर्माण करीत नाही, केवळ प्रकट करतो. हा सिद्धांत वर्णात्मक शब्दाविषयी, आणि मुख्यतः वेदाच्या प्रामाण्यासाठी, मांडलेला आहे, तो तानपुऱ्याच्या स्वराला सरसकट लावणे न्याय्य होणार नाही, हे मी जाणतो. तरी न लावलेला स्वर ऐकू आला म्हणजे तो आधीपासून तिथेच होता असे वाटण्याचा मोह आवरत नाही. नैयायिक हा मोह पुरवीत नाहीत. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, तो उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. पाण्यावर लाटेतून लाट उठावी, किंवा कदंबाच्या गोल फुलात सर्व दिशांनी एकदम केसर फुटावेत, तसा एक शब्द दुसऱ्याला जन्म देऊन स्वतः संपतो, आणि आपल्या कानाशी येतो तो त्या वंशातला शेवटचा. इथपर्यंत हा निव्वळ पदार्थविचार आहे. पण याच दर्शनाने श्रोत्रेंद्रियाची जी व्याख्या केली आहे ती मला सभागृहात बसल्या बसल्या आठवली आणि माझा प्रश्नच बदलून गेला. श्रोत्र म्हणजे काय? कर्णशष्कुलीने, म्हणजे कानाच्या पाळीने आणि पोकळीने, मर्यादित केलेले आकाश. डोळा तेजाचा, नाक पृथ्वीचे, परंतु कान मात्र आकाशाचा विकार नव्हे, तो आकाशच आहे, फक्त कुंपण घातलेले.

मग ऑपेरा हाउस तरी दुसरे काय आहे? तेही भिंतींनी, सज्ज्यांनी, छताने कुंपण घातलेले आकाशच. पाचसहाशे माणसे तिथे आपापले लहान कान घेऊन येतात आणि काही तासांपुरती एका मोठ्या कानात बसतात. एरवी माझ्या कानात काय येते ते माझे आणि शेजाऱ्याच्या कानात काय येते ते त्याचे. तिथे मात्र विलंबित लयीतल्या लांब आवर्तनानंतर गवई समेवर आला तेव्हा एकाच क्षणी सगळ्यांच्या माना हलल्या, आणि त्यांत एकमेकांचे नावगावही ठाऊक नसलेली माणसे होती. आपल्या काव्यशास्त्राने ज्याला साधारणीकरण म्हटले, ज्यात शोक माझा राहत नाही की नटाचा राहत नाही आणि म्हणूनच आस्वाद्य होतो, ते पुस्तकात वाचून मला कधी पटले नव्हते इतके त्या मानांच्या हालचालीने पटले.

नैयायिकांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. शब्द नष्ट होतो, पण अनुभवाचा संस्कार राहतो, आणि तो आकाशाचा गुण नसून आत्म्याचा गुण आहे. तेव्हा स्वर कोठे गेला याचे माझ्यापुरते उत्तर असे, की आकाशात होता तो संपला आणि आत्म्यात गेला तो उरला. आणि ज्या जागी हे संक्रमण घडते ती जागा पवित्र म्हणायला मला कोणत्याही प्राणप्रतिष्ठेची गरज वाटत नाही. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी हिशेबाच्या खात्यावर अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिताना आहत आणि अनाहत असा नादाचा भेद मांडला. अनाहत नाद योग्यांना मुक्ती देतो, पण त्याने लोकांचे रंजन होत नाही. आहत नाद रंजनही करतो आणि भवबंधही तोडतो, असे सांगून तो सरळ आहत नादाच्या मांडणीला लागला. जमाखर्च पाहणाऱ्या माणसाचा हा निवाडा मला फार मोलाचा वाटतो. एकट्याने डोळे मिटून मिळवायच्या मोक्षापेक्षा चार लोकांत बसून ऐकायच्या स्वराचा मार्ग त्याने अधिक विस्ताराने लिहिण्याजोगा मानला.

नादाच्या अमरत्वाची हाव आपल्या काळाने वेगळ्या रीतीने भागवली. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत कोरून अंतराळात पाठविली गेली, आणि दुसरे यान सुटल्यानंतर दोन आठवडेही उलटले नाहीत तोच, त्याच सप्टेंबरात, केसरबाई निवर्तल्या. ती तबकडी आजही दूर दूर चालली आहे. पण ज्या पोकळीतून ती चालली आहे तिथे स्वर वाहून नेणारी हवाच नाही. तबकडीत रेषा आहेत, भैरवी नाही. ती पुन्हा भैरवी व्हायची तर कुठेतरी, कोणाचे तरी, कुंपण घातलेले आकाश लागेल.

या मोठ्या कानात बसण्याचा हक्क कोणाला, हा पुढला प्रश्न, आणि तो मला दर्शनकारांच्या वादापेक्षा अधिक जाचतो. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी राजदरबाराची वाट सोडून तिकीट लावून जाहीर जलसे केले, १९०१ साली लाहोरला आणि १९०८ साली मुंबईला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा पवित्र विद्या बाजारात मांडली असा आक्षेप घेता आला असता. मी तिकिटाकडे उलट्या बाजूने पाहतो. पंढरपूरच्या विठोबाचे दर्शन सर्व जातींना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. तिकीट विकणाऱ्या खिडकीने मात्र त्याच्या कित्येक वर्षे आधीपासून समोरच्या हाताला जात विचारली नव्हती. नाणे आंधळे असते, आणि त्या आंधळेपणाने जे औदार्य दाखविले ते डोळस धर्माधिकाऱ्यांना दाखविता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. तरी नाणे ज्याच्यापाशी नाही त्याच्यापुरते ते दार बंदच राहते, आणि सरदार-संस्थानिकांसाठी केलेले सज्जे नि गरिबांसाठी वरची गॅलरी ही उतरंड त्या इमारतीच्या नकाशातच बांधलेली आहे. स्वतः पलुसकरबुवांना या आडाख्यांनी समाधान लाभले नसावे. उत्तरायुष्यात ते रामनामाकडे वळले, कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेल्यावर नाशिकला राम-आश्रमात राहिले, रामायणावर प्रवचने करीत, आणि १९३१ साली मिरजेस त्यांनी देह ठेवला. ज्याने गाण्याला सभागृह दिले त्याने अखेरीस सभागृहाबाहेर जाऊन गावे, हा मला त्यांचा पराभव वाटत नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात ते अवधान त्यांना कदाचित तिथे विनामोबदला मिळाले असेल.

वास्तू नष्ट झाली तर काय होते, याचा दाखला कोल्हापूरने अलीकडेच दिला. शाहू महाराजांनी १९१५ साली पुरे केलेले पॅलेस थिएटर, पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाचे झालेले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. म्हातारे नट रस्त्यावर उभे राहून रडले. त्यांच्या आत्म्यातला संस्कार कोणत्याही आगीने जळणारा नव्हता, मग ते रडले का? माझ्या मते याचसाठी, की संस्कार ज्याचा त्याच्याजवळ सुखरूप असला तरी तो पुढल्या पिढीत जाण्याचे द्वार जळाले होते. स्मृती वारशाने देता येत नाही. पुन्हा ऐकावेच लागते.

आणि तरीही, ज्या जागेला भिंत नाही, छप्पर नाही, तीही या पावित्र्यापासून वंचित नसते, हे जासईच्या माणसाला कोणी शिकविण्याची गरज नाही. लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. नव्या शहरासाठी सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळ्यांना आमच्या परिसरातले पाच जण बळी पडले. त्या दिवशी उघड्या रस्त्यावर ज्या घोषणा झाल्या त्यांचा आकाशात आज अंशही नाही, आणि रात्रंदिवस ट्रेलर त्या वाटेने जातात. परंतु दरवर्षी त्या तारखेला गाव हुतात्म्यांना अभिवादन करायला जमते तेव्हा तिथे कोणी पादत्राणांसह पुढे जात नाही. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या आवाजातून आला, आणि सातबाऱ्यावरून ज्यांची नावे पुसली गेली त्यांच्या मुलांनी नव्या शहरात नाट्यगृहे उभी राहताना पाहिली. त्या नाट्यगृहांत बसण्याचा त्यांचा हक्क तिकिटापेक्षा जुना आहे, आणि तो मान्य करणे हे माझ्या दृष्टीने रंगपूजेचेच काम आहे.

आमच्या आगरी वस्तीत गाण्याचा धर्माशी असलेला संबंध याहून जुना आणि सरळ आहे. लग्नात धवलारीण बसते. हळदीपासून पुढल्या विधींत ती धवले गाते, देवदेवतांना मांडवात येण्याचे आवतण देते, आणि पूर्वी तर तिच्या गाण्यावरच लग्न लागे. तिचा आवाज मैफलीच्या कानाला खरखरीत वाटेल. तिला तानपुरा नको, ध्वनिक्षेपक नको, आणि माना डोलावणारे श्रोतेही नकोत, कारण तिच्या सभोवती बायका हळद कालवीत असतात, मुले धावत असतात, कोणी भांडत असते, आणि ती मात्र ज्यांना हाक मारायची त्यांना हाक मारीत राहते. तिच्या मांडवाला विघ्नांपासून रक्षण करणाऱ्या भिंती नाहीत, तरी तिची वाणी जड होत नाही. तिथे गाणे ऐकले जाण्यासाठी नाही. ते घडून येण्यासाठी आहे.

अशा एखाद्या वृद्ध धवलारणीला सागरी सेतूवरून नेऊन ऑपेरा हाउसच्या मंचावर बसवावे, तिचे धवले शहराने ऐकावेत, असा विचार गावातल्या काही होतकरू तरुणांनी माझ्यापाशी बोलून दाखविला. त्यांची कळकळ खरी आहे. धवले गाणाऱ्या स्त्रिया कमी होत चालल्या आहेत, लग्नांत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, आणि ज्या जागेचे काम नाजूक स्वर सांभाळणे आहे तिने हाही स्वर सांभाळावा, ही मागणी रास्त आहे. त्या मंचाने परक्या ऑपेराला जागा दिली, ख्यालाला दिली, मग आमच्या गाण्याला का देऊ नये? मी त्यांना नाही म्हटले नाही. फक्त एक विचारले. मांडवात तिच्यासमोर हळद लागलेली नवरा-नवरी असतात, आणि ज्या देवांना ती बोलावते त्यांना येऊन बसायला पाट मांडलेला असतो; सभागृहात तिने कोणासाठी गावे, आणि देव आले तर ते कोणत्या रांगेत बसतील? याचा निकाल तिनेच द्यावा असे ठरले आहे, आणि ती म्हणाली आहे की पुढल्या लग्नसराईत आधी शहरातल्या मंडळींनी मांडवात येऊन बसावे, मग बघू.